मुलगी नववीत जाणार असेल, तर युटाला येण्याआधी एवढं वाचा

ताई, तुम्ही लिहिलंत की मिस्टरांना अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहाय गावी नोकरी मिळालीय, लेक नववीत जाईल, तिकडे एकटं पडायला होईल का, आणि तिकडे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी दारात येऊन धर्म बदलायला लावतात हे खरं का. व्हिसा, घरभाडं, लायसन्स याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, ती मी लिहीत बसत नाही. या शेवटच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडाली. माझ्या लेकीने सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला.

आधी कागदांचं एक सांगते. लसीकरणाच्या कार्डावरच्या तारखा महिना अक्षरात लिहून, डॉक्टरांचा शिक्का घेऊन आणा. आमच्या तारखा शाळेने उलट्या वाचल्या, गोवराची लस पहिल्या वाढदिवसाआधी दिली असं ठरवलं आणि पोरीला पुन्हा टोचायला लावलं. किती समजावलं, ऐकायलाच तयार नाहीत.

आता शाळा. इथे नववी ते बारावीची मॉर्मन मुलं पालकांच्या संमतीने शाळेच्या वेळात एक तास बाहेर पडतात आणि शेजारच्याच चर्चच्या इमारतीत सेमिनरीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातात. त्याला 'रिलीज्ड टाइम' म्हणतात. शाळेचे मार्क त्याला मिळत नाहीत, सगळं कायद्याला धरून आहे. पण मैत्रिणी उठून गेल्या की उरलेल्या पोरीने काय करायचं? माझ्या लेकीला त्या तासाला ऑफिसात फायली लावायला बसवलं. मी जाऊन बोलले, तर म्हणे, "तिची काही तक्रार नाही." ती तक्रार करणारी नव्हतीच. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही, हेही खरं. फक्त सगळ्यांचं सगळं तिकडेच असायचं, सहली, वाढदिवसाची आमंत्रणं, सोमवारच्या गप्पा. मला ते अजून सलतं.

दारात येणारी पोरं म्हणाल, तर ती खरंच पोरं असतात. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला जातात, मुली दीड वर्षासाठी; मुलींचं वय 2025 पर्यंत 19 होतं, आता तेही 18 आहे. 2012 पर्यंत तर मुलग्यांचं 19 आणि मुलींचं 21 होतं. पगार नाही, खर्च घरचा. कायम जोडीने फिरायचं. 2019 च्या आधी घरी फोनसुद्धा फक्त नाताळ आणि मदर्स डेला करता यायचा.

आमच्याकडे यायची ती मिशनरी शेजारच्या आयडाहो राज्यातली, शेतावरची मुलगी होती. चहा त्यांना चालत नाही, म्हणून मी कोकम सरबत द्यायचे. लेकीने बाप्तिस्म्याची तारीख ठरवली, तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. हे कळल्यावर त्या मुलीने स्वतःच तारीख पुढे ढकलली. अठराच्या आत आई-वडिलांची संमती लागतेच, पण तिला नुसती सही नको होती. तिने लेकीला विचारलं, "माझी बदली झाली, तुझ्या मैत्रिणीही गेल्या, तरी तू रविवारी येशील?" लेकीने उत्तर द्यायला बरेच दिवस घेतले.

पुढे माझ्याच स्वयंपाकघरात बसून त्या मिशनरी मुलीने मला सांगितलं की तो प्रश्न विचारायच्या आदल्या रात्री ती रडली होती. तिचा मिशनचा काळ संपत आला होता, शिकवलेल्यांपैकी एकानेही बाप्तिस्मा घेतला नव्हता, आणि लेक "नाही" म्हणेल याची तिला धास्ती होती. "पण न विचारता तिला पाण्यात उतरवलं असतं, तर ते माझ्यासाठी झालं असतं," म्हणाली. मी तिच्या आईच्या वयाची. हातातलं लाटणं ठेवून तिला जवळ घेतलं, दुसरं काही सुचलं नाही.

लेकीचं उत्तर "हो" आलं. मी सही केली. मध्येच त्या मुलीची खरंच बदली झाली, पण परवानगी काढून ती बाप्तिस्म्याला आली. पाण्यात उतरवायचं काम पुरुषांचं, त्यामुळे तिला ते करता येत नव्हतं. ती टाकीच्या पायऱ्यांशी टॉवेल धरून उभी होती. सगळं अंग एकदम पाण्याखाली जावं लागतं; पहिल्या वेळी लेकीची टाच पाण्यावर आली, साक्षीदाराने नकारार्थी मान हलवली, मग सगळं पुन्हा केलं. लेकीचे बाबा बाहेर गाडीत बसून राहिले. साताऱ्याला आजीला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

गणपतीत लेक मोदक वळायला बसते, आरतीला हात जोडत नाही. तिला देव भेटला की सोबत, हे मी आजही स्वतःला विचारते. त्या मुलीने निदान ते तिला तोंडावर विचारलं. आम्ही घरच्यांनी विचारलंच नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंत, त्याची सवय होते. मराठी माणसं आहेत, भेटतील.

दबावाची भीती दारातल्या पोरींची धरू नका. नको म्हटलंत तर त्या जातात. उन्हातान्हाच्या आल्या तर पाणी द्या. घराचं भाडेपत्र करण्याआधी मात्र शाळेला लेखी विचारा की सेमिनरीला न जाणाऱ्या मुलांना त्या तासाला कुठला विषय मिळतो, आणि वर्गात तशी किती मुलं आहेत. चित्रकला, वाद्यवृंद, काहीही चालेल, पण खरा वर्ग हवा. शाळेचं नाव मला कळवा, माझी लेक तुमच्या लेकीशी बोलायला तयार आहे. मी तिला विचारलंय.