मिरजेची आजी, कातानियाची नोन्ना

«ताई, मी मिरजेची, सहा वर्षं तोरिनोत आहे. नवरा इटालियन, त्याचं घर सिसिलीतल्या कातानियाचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला मुलगी होणार आहे. तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव देतात, म्हणजे कोंचेत्ता. सासूबाई हट्ट करत नाहीत, पण विषय निघाला की त्यांचे डोळे भरतात. मला लूना, गाया, कियारा, अलीचे ही नावं आवडतात. आई बाळंतपणाला येतेय. ती म्हणते, राशीचं अक्षर कळू दे, नाहीतर गीता किंवा आशा ठेव, सोपी आहेत. नाव इटालियनच असावं असं मलाच वाटतं, कारण माझ्या नावाचे इथे जे हाल झाले ते तिच्या वाट्याला नकोत. माझ्या नावातला पहिला 'ह' इथे कुणीच म्हणत नाही. नवरासुद्धा.»

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 'नवरासुद्धा'पाशी थांबले. बाळाच्या नावाचं बघूच, पण आधी हे. इटालियनमध्ये 'ह' लिहितात, पण तो मुका असतो. त्यामुळे शेजारणीला, दुकानदाराला तो जमला नाही तर सोडून दे. नवऱ्याला सोडू नकोस. आज जेवण झालं की त्याला समोर बसव, स्वतःचा तळहात तोंडासमोर धरायला सांग आणि श्वासाची ऊब हाताला लागेपर्यंत तुझं नाव म्हणून घे. चार दिवसांत जमेल. सहा वर्षं तू हे मनात ठेवलंस आणि आता ते सगळं बाळाच्या नावावर येऊन पडलंय, असं मला तुझ्या ओळींमधून दिसतं.

आता नावं. आईने सुचवलेली दोन्ही आपल्याला गोड वाटतात, पण तिथे अडतील. गीता आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने लिहिलं की इटालियन माणूस ते 'जीता' वाचतो, आणि त्या शब्दाचा त्यांच्याकडे अर्थ सहल. आशा म्हटलं की त्यांना कुऱ्हाड ऐकू येते. शाळेत पोरं ते सोडणार नाहीत.

तुझ्या यादीचं उलटं आहे. गाया म्हटलं की मिरजेत पुढे म्हशी येणारच. लूना म्हणजे चंद्र हे खरं, पण तुझ्या वडिलांच्या पिढीने त्या नावाच्या गाडीवरून अर्धं आयुष्य काढलंय. कियारा सुंदर आहे, अर्थही स्वच्छ, उजळ असा, पण ते लिहितात 'सी-एच'ने, म्हणून आपल्याकडच्या दवाखान्यात तिला चियारा म्हणून पुकारतील. अलीचेची तर इथे ॲलिसच होईल. तिकडे एक नाव आणि इकडे दुसरंच, हे तू स्वतः सोसलं आहेस. तारीख डिसेंबरची म्हटल्यावर कुणीतरी १३ डिसेंबरच्या सांता लुचीयाचं नावही सुचवेल. लुचीया म्हणजे प्रकाश, मलाही फार आवडतं. पण मराठी कानाला त्यात 'लुच्चा' ऐकू येतो, म्हणून नको.

मी तुझ्या जागी असते तर अनिता ठेवलं असतं. तुझी आई म्हणेल, आमच्या वर्गात चार अनिता होत्या. असू देत. इटलीत हे नाव लहानथोरांना माहीत आहे ते इटली एक करण्यासाठी लढलेल्या गारिबाल्दीच्या बायकोमुळे. ती ब्राझीलची. समुद्र ओलांडून नवऱ्याच्या देशात आली, त्याच्या बरोबरीने लढली. रोमला जानिकोलो टेकडीवर १९३२ मध्ये बसवलेला तिचा पुतळा आहे: उधळलेला घोडा, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं तान्हं बाळ. परदेशातून आलेल्या बाईचं नाव इटलीने किती आपलंसं केलं, हे तुझ्या मुलीला सांगता येईल. आणि मुख्य म्हणजे इटालियन 'त' आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणतात, इंग्रजीसारखा 'अनिटा' होत नाही. मिरजेची आजी आणि कातानियाची नोन्ना, म्हणजे तिकडची आजी, दोघी एकाच तोंडाने हाक मारतील. अनिता फारच जुनं वाटलं तर नीना किंवा लीना बघ, तीही दोन्हीकडे चालतात.

सासूबाईंना मात्र रिकाम्या हाताने ठेवू नकोस. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडेही होती, आणि सुनेने ते उच्चारायचं नाही म्हणून घरात 'बाबू'सारखी दुसरीच हाक पडायची. तेव्हा त्यांचे डोळे का भरतात ते तुला कळू शकेल. कोंचेत्ता हे दुसरं नाव दे. इटलीत एका मुलाला तीनपर्यंत नावं देता येतात, फक्त मधल्या स्वल्पविरामाकडे नीट लक्ष ठेव. 'अनिता, कोंचेत्ता' असं लिहिलं तर दाखल्यांवर फक्त अनिता येतं. स्वल्पविराम नसेल तर दोन्ही मिळून एकच नाव होतं आणि ते सगळीकडे पूर्ण लिहावं लागतं. कागद भरायला नवरा एकटाच जाणार असेल तर त्याला हे आधी समजावून सांग. नोंद हॉस्पिटलात केली तर मुदत तीन दिवसांची, नगरपालिकेत दहा दिवसांची. म्हणजे बारसं बाराव्या दिवशी करायचं तर नाव त्याआधीच कागदावर गेलेलं असेल, हे आईला आजच फोनवर सांग, ऐन वेळी वाद नको. राशीचं अक्षर तिला हवं असेल तर पत्रिकेत नावरस नाव लिहू दे. तुझ्या आजीच्या पत्रिकेतही वेगळंच नाव असेल, विचारून बघ.

नवऱ्याला बहीण असली तर तिला कातानियाहून बोलावून घे. आत्याचा मान तिचाच आहे. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायका पाठीत धपाटे घालणार, हे तिला आधीच सांगून ठेव.