चांदीचे ते त्रिकोण कशाला?

प्रश्न: मोबाईलवर मोरोक्कोच्या बर्बर जमातीच्या बायांचे फोटो बघायले होते, छातीवर दोन्हीकडं चांदीचे मोठाले त्रिकोण अन् मधी साखळी. नुसतं मिरवायला का? अन् सोनं काऊन नाही घालत? – एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, त्या पिना आहेत बगा! त्यांचा जुना पेहराव म्हणजे बिनशिवलेलं लांब कापड, अंगाला गुंडाळून खांद्यापाशी पिनांनी अडकवायचं, म्हणजे दागिना काढला की कपडाच सुटला. चांदी शुभ, नजर लागू देत नाही अशी समजूत, म्हणून सोन्यापेक्षा तिलाच मान, अन् पुष्कळदा नाणी वितळवूनच घडवायचे (नाणी ओवायची हौस आपल्या तांड्यावरच्या बायांनाबी आहेच की). घडवणारे लई जण ज्यू सोनार, १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्राएलला गेले, तरी तिझनित गावचा चांदीबाजार अजून चालूय. मला विचाराल तर अल्जीरियातल्या बेनी येन्नी भागातलं काम जास्त देखणं, निळा-हिरवा-पिवळा मीना अन् वर लाल पोवळं. ऑनलाईन घेणार असाल तर जर्मन सिल्व्हर लिहिलंय का बघा, त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी नसतीच.