सुती कपडे, क्लोरीनचा वास आणि लाटांचा तलाव

प्रश्न : मे महिन्याच्या सुटीत आम्ही पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका वॉटर पार्कला जाणार आहोत. बरोबर 9 वर्षांची मुलगी, 4 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई असतील. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका वॉटर पार्कमध्ये आमचे सुती कपडे नाकारून भाड्याचे कपडे घ्यायला लावले. ही निव्वळ कमाईची युक्ती आहे का? आणि क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर पाणी स्वच्छ समजावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाड्याच्या कपड्यांतून चार पैसे सुटतात हे खरे, पण नियमामागे कारणेही आहेत. सुती कापड पाणी पिऊन जड होते आणि फायबरच्या घसरगुंडीवर अंगाखाली गोळा होऊन माणसाला मध्येच अडकवू शकते, तेही मागून दुसरा येत असताना. शिवाय त्याचे सुटलेले धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत जाऊन बसतात. नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, अंगासरशी बसणारे आणि चेन, हूक वा धातूची बटणे नसलेले कपडे घरूनच न्या. बाह्या लांब असतील तर उन्हापासूनही बचाव होतो. नेमके काय चालते ते निघण्यापूर्वी फोन करून विचारा, म्हणजे दारात वाद नको.

वासाबाबतचा समज मात्र उलटा आहे. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. नाकात जाणारा तो वास आणि डोळ्यांची चुरचुर बव्हंशी त्यांचीच असते. दर लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन आणि 7.2 ते 7.8 पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) असलेल्या, नीट राखलेल्या पाण्याला उग्र वास येत नाही. तळावरची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल तर त्या तलावात उतरूच नका. जुलाब पसरवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतो, म्हणून मुलाचे पोट बिघडलेले असेल तर सहल पुढे ढकला. एरवीही त्याला तासातासाने स्वच्छतागृहात नेऊन आणा; पाणी तोंडात घेऊन चूळ मारण्याचा मुलांचा आवडता खेळ तेवढा बंद ठेवा.

तुम्ही विचारले नाही, पण मला खरी काळजी वाटते ती लाटांच्या तलावाची. लाटा सुरू होण्याचा भोंगा वाजला की सगळी गर्दी एकदम आत धावते, आणि गुडघाभर पाण्यातही परतणारी लाट 4 वर्षांच्या मुलाचे पाय अलगद काढून घेते. बुडणारे मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली जात असल्याने त्याला ओरडताच येत नाही, आणि त्या कल्लोळात ते खेळत आहे असेच वाटते. दंडात घालायच्या फुग्यांवर विसंबू नका, कारण ते निसटतात आणि हवाही सोडतात. जीवरक्षकाला शेकडो डोक्यांवर लक्ष ठेवायचे असते. तुमच्या मुलाचा जिम्मा एकाच मोठ्या माणसाकडे, हाताच्या अंतरावर, मोबाइल लॉकरमध्ये ठेवून असावा. दोघांनीही ‘तुझे लक्ष आहे ना’ असे गृहीत धरण्यापेक्षा तासातासाची पाळी लावणे बरे. मुलीच्या बाबतीत घसरगुंडीवर वय नव्हे, उंची मोजतात. पट्टीला दोन बोटे कमी पडली म्हणून रडारड होईल, तरी रखवालदाराशी हुज्जत घालू नका.

सासूबाईंच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात शरीरातले पाणी लवकर कमी होते. तरीही गोळी स्वतःहून बंद करू नये. मोठ्या घसरगुंड्यांवर रक्तदाबाच्या रुग्णांना मनाई असते आणि ती योग्यच आहे. संथ वाहणाऱ्या पाण्यात ट्यूबवर बसून एखादी फेरी डॉक्टरांनी होकार दिला तर मारता येईल, पण ट्यूबमध्ये बसता-उठताना कुणीतरी हात धरावा.

पाण्यात असताना घाम जाणवत नाही, म्हणून तहान नसली तरी सर्वांनी थोडे थोडे पाणी पीत राहावे. एसपीएफ 30 किंवा अधिकचे सनस्क्रीन पाण्यात उतरण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटे लावून दर दोन तासांनी पुन्हा लावा, आणि 12 ते 3 ही वेळ जेवण नि सावलीसाठी राखून ठेवा. त्या वेळी फरशी इतकी तापते की मुले एका पायावर उड्या मारत चालतात. रबरी चपला विसरू नका.