कानाखालची मऊ गाठ चरबीची असेल, तर लोकल भूल देऊन काढून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय, कानाच्या पाळीखाली मऊ, न दुखणारी गाठ आहे आणि डॉक्टर हात लावून ‘लायपोमा’, म्हणजे चरबीची गाठ, म्हणाले, अर्ध्या तासात काढतो म्हणाले. एमआरआय झाल्याशिवाय हात लावू देऊ नका.

माझ्या आईला नेमकी तिथेच गाठ होती. काका म्हणाले, ‘माझ्या पाठीवरची काढली तशीच ही, दहा मिनिटांचं काम.’ सगळं घर त्यांच्या बाजूनं. पण पाळीखाली पॅरोटिड ही लाळग्रंथी असते आणि तिच्या आतून चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू) जाते. सर्जननी मला कागदावर काढून दाखवलं: एक खोड, 5 फांद्या. कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ, मान.

शिवाय या ग्रंथीच्या गाठींत चरबीच्या गाठी 100 मध्ये 5 सुद्धा नसतात. सगळ्यात जास्त आढळतो तो प्लिओमॉर्फिक अडेनोमा, म्हणजे ग्रंथीच्याच पेशींची, सहसा कर्करोग नसलेली गाठ. तो नुसता उकरून काढला तर पुन्हा उगवतो, तोही अनेक ठिकाणी.

आईच्या सुईच्या तपासणीत फक्त चरबी आली. ती गाठीतली की शेजारची, हे त्यावरून कळेना. एमआरआयनं उलगडा झाला: टी-वन नावाच्या साध्या प्रकारच्या चित्रात गाठ कातडीखालच्या चरबीइतकीच पांढरी, चरबीचा सिग्नल दाबलेल्या चित्रात काळी. ग्रंथीच्या आत, नसेला खेटून.

पूर्ण भूल, कानापुढून मानेपर्यंत वळणदार छेद. आधी नसेचं खोड शोधलं, मग एकेक फांदी सोडवत गाठ आवरणासकट काढली. 3 तास लागले. नंतर 5 आठवडे खालच्या ओठाचा उजवा कोपरा हलत नव्हता. चहा पिताना आई पदराचं टोक हनुवटीशी धरून बसायची. ओठ सुधारला. पाळी मात्र बधिरच राहिली, आजही कुडी घालायला आरसा लागतो.

काका अजून म्हणतात, ‘एवढं करून तोंड वाकडं झालंच ना!’ अहो, नस डोळ्यांसमोर ठेवून काम केलं तरी ती ताणली गेली. न शोधताच कापलं असतं तर?

आता हेही सांगतो, प्रत्येक गाठ काढावीच लागते असं नाही. लहान आहे, वाढत नाही, एमआरआयमध्ये निव्वळ चरबी दिसते, तर नजर ठेवून राहता येतं. दुखायला लागली, भराभर वाढली किंवा चेहरा ओढला गेला तर थांबू नका. जबड्याखालच्या ग्रंथीत असेल तर धोक्यातल्या नसा थोड्या वेगळ्या. आणि ग्रंथीच्या बाहेर, कातडीलगत असेल तर काम खरंच सोपं असतं. पण ते बोटांनी चाचपून ठरत नाही. काकांनी चाचपूनच ठरवलं होतं.