आधी प्रश्नपेढी, पॅनेल नंतर

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातलं कॉमर्स कॉलेज. संस्थेने १२ लाख मंजूर केलेत. चार वर्गांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारे मोठे पडदे), एक छोटा स्टुडिओ आणि एखादं एलएमएस, म्हणजे धडे-चाचण्या ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, घ्यायचं चाललंय. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी व्हायच्या आत 'ऑनलाइन शिक्षणाचा दर्जा' दिसायला हवा, आणि हे सगळं तुमच्या गळ्यात पडलंय. सुरुवात कुठून करू, एलएमएस कोणतं घेऊ आणि ऑनलाइन चाचणीतल्या कॉपीचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी अशाच एका कॉलेजात १४ वर्षं अकाउंट्स शिकवतोय. आमचं एलएमएस म्हणजे मूडल, त्याचा ॲडमिनही मीच, कारण दुसरं कोणी हो म्हणालं नाही. त्या अनुभवावरून आधी एक नक्की सांगतो: स्टुडिओ रद्द करा.

आमच्याकडे तो झाला होता. हिरवा पडदा, तीन दिवे, ध्वनिरोधक भिंती. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कोट घालून ६० व्हिडिओ केले. मग नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, निम्मे व्हिडिओ बाद झाले आणि पुन्हा कोट घालायला कोणी तयार होईना. आता त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि हिरवा पडदा गॅदरिंगला विंगेत लावतात.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. २०१४ साली फिलिप गुओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्सेसमधली, व्हिडिओ पाहिल्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो सहा मिनिटांच्या वर निम्मे लोकही बघत नव्हते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खर्चिक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षक साध्या टेबलाशी बसून समोरच्याशी बोलल्यासारखा बोलतो ते, आणि तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं लोक जास्त वेळ बघत होते. वर्गातल्या तासाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून अपलोड केलेलं तर आणखीच कमी. म्हणजे आपण बहुतेक कॉलेजं जे करतो, नेमकं तेच.

व्हिडिओसाठी एक कॉलर माइक, मोबाईलचा कॅमेरा खाली कागदाकडे धरणारा स्टँड, पांढरा कागद आणि जाड पेन एवढं पुरे. पंखा बंद करा. चित्र थोडं अंधुक चालतं, पण आवाज घुमला की पोरं दुसऱ्या मिनिटाला बाहेर. भाषा मराठीच ठेवा, पारिभाषिक शब्द पेपरात येतात तसे इंग्रजी राहू द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच असतं, आवाज मराठीत असतो, आणि व्हिडिओ थांबवून बाजूच्या खिडकीत तीच कृती करायला लावतात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांनी तरी ही पद्धत डोळे मिटून उचलावी.

'सगळं यूट्यूबवर आहे, कॉलेजने वेगळं काही करायची गरजच काय' असं याच चर्चेत एका सदस्याने लिहिलंय. अर्धं खरं आहे. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचंच बघा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं २०१४ च्या आधीही फुकटच मिळायची. त्या वर्षापासून त्यांनी सर्टिफिकेट कोर्स सुरू केले. त्यात नवं काय आलं? दर आठवड्याची असाइनमेंट, तिची शेवटची तारीख, शंका विचारायला जागा, आणि केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. असाइनमेंटला २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. कॉलेजांत लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटेलच्या शाखा निघाल्या, तिथे पोरांच्या मागे लागणारा एक शिक्षक नेमला गेला. व्याख्यानं होती तशीच होती. भोवतीची व्यवस्था बदलली म्हणून लोक कोर्स पुरा करू लागले. नुसता नोंदणीचा आकडा किती फसवतो ते अमेरिकेतल्या एमआयटीच्या २०१२ मधल्या सर्किट्सच्या पहिल्या ऑनलाइन कोर्सवरून कळतं. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी, उत्तीर्ण झाले ७,१५७.

म्हणून मी दर्जा मोजताना एकच विचारतो: विद्यार्थ्याने उत्तर दिलं, ते चुकलं, तर कुठे चुकलं हे त्याला किती वेळात कळतं?

२०२० मध्ये मी रोज तासभर लाइव्ह शिकवायचो. यादीत ११८ नावं दिसायची, छाती फुगायची. एकदा तास संपवून चहा घेऊन परत आलो, तर वीस मिनिटांनंतरही चाळीसेक जण मीटिंगमध्येच. फोन खिशात, नाहीतर चार्जिंगला. हजेरीच्या आकड्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

तेव्हापासून माझा सगळा वेळ प्रश्नपेढीत जातो. घसाऱ्याचं, म्हणजे वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीचं उदाहरण देतो. 'यंत्र १ ऑक्टोबरला १ लाखाला घेतलं, ऱ्हासमान शेष पद्धत, १० टक्के, वर्षअखेर ३१ मार्च. दुसऱ्या वर्षाचा घसारा किती?' उत्तर ९,५००. ऱ्हासमान शेष म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के. पहिल्या वर्षी सहाच महिने, म्हणून ५,००० गेले, उरलेल्या ९५,००० वर दहा टक्के. आता चुकीचे पर्याय उगाच काहीतरी द्यायचे नाहीत. १०,००० निवडणाऱ्याने मूळ किमतीवर काढला, म्हणजे स्थिर हप्ता पद्धत लावली. ९,००० वाल्याने पहिलं वर्ष पूर्ण धरलं, तारीख वाचलीच नाही. १४,५०० वाल्याने दोन्ही वर्षांची बेरीज केली. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाखाली हे एक-एक वाक्य लिहिता येतं. पोरगं रात्री साडेदहाला चुकतं आणि साडेदहालाच त्याला कळतं की तारीख परत वाच. हे वाक्य लिहायला यंत्र नाही, पंधरा वर्षं पेपर तपासलेला शिक्षक लागतो. पोरं कुठे घसरतात ते त्यालाच पाठ असतं.

कॉपीचं विचारलंत. मूडलमध्ये कॅल्क्युलेटेड नावाचा प्रश्नप्रकार आहे, त्यात प्रत्येकाला यंत्राची किंमत वेगळी येते. व्हॉट्सॲपवर उत्तर फिरवून उपयोग नाही, रीत फिरवावी लागते. आणि रीत फिरली तर माझी काही तक्रार नाही.

एका धड्याला असे वीस-पंचवीस प्रश्न करायला मला सुट्टीचे तीन-चार दिवस लागतात. कंटाळवाणं काम आहे. पण अभ्यासक्रम बदलला तरी घसारा बदलत नाही, प्रश्न टिकतात. संस्थेला सांगायचंच असेल तर हे सांगा: १२ लाखांतला मोठा हिस्सा शिक्षकांना प्रश्न लिहिण्याच्या मानधनासाठी ठेवा. अध्यक्षांना पटायला वेळ लागेल, कारण मानधनाचं फीत कापून उद्घाटन करता येत नाही.

मोबाईलबद्दल. मूडलचे लॉग उघडून वेळा बघा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम रात्री नऊ ते अकरात होतं, कारण घरातला फोन वडिलांबरोबर दिवसभर शेतावर किंवा रिक्षात असतो. त्यामुळे 'आज सकाळी १० ते ११ चाचणी' असलं वेळापत्रक स्वतःचा फोन नसलेल्या मुलींना सगळ्यात आधी बाहेर काढतं. चाचणी किमान तीन दिवस उघडी ठेवा. पीडीएफ स्कॅन करून तिरकी टाकू नका. एसटीत रेंज जाते, म्हणून मूडलच्या ॲपमध्ये धडा आधी उतरवून ठेवायला पहिल्याच आठवड्यात शिकवा.

शंकांसाठी ४८ तासांचा नियम करा आणि तो स्वतः पाळा. आमच्याकडे 'कमवा आणि शिका'तल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली पहिली चाळणी करतात. पासवर्ड विसरला वगैरे त्याच निस्तरतात, माझ्याकडे फक्त विषयाच्या शंका येतात. ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकत बसण्यापेक्षा हे काम त्यांनाही आवडतं.

एलएमएस कोणतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. मूडल फुकट आहे, पण ते चालवायला सर्व्हर, अपडेट आणि बॅकअप लागतो. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा. मी त्याच मशीनवर ठेवला होता आणि एका सत्राचे गुण वहीतून पुन्हा चढवले. एखाद्या कंपनीचं घेतलंत तर करार संपल्यावर प्रश्नपेढी बाहेर काढता येते का, हे लेखी घ्या. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन मंचावरचे कोर्स जोडायचे असतील तर २०२१ पासून सत्रातल्या ४० टक्के विषयांपर्यंत मुभा आहे, पण त्याचा निर्णय तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकाप्रमाणेच करा.

पॅनेल घ्यायचीच असतील तर एक घ्या, वर्षभर वापरा, मग बघू.

आणि एलएमएसचा डेमो द्यायला माणूस येईल तेव्हा त्याला वरचा घसाऱ्याचा प्रश्न तुमच्यासमोर तयार करायला सांगा, चारही पर्यायांच्या सूचनांसकट. मग तो प्रोजेक्टरवर नाही, पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीच्या फोनवर, तिच्या नेटपॅकवर सोडवून बघा.