'अँटिसिपेट' आणि 'एक्स्पेक्ट'

प्रश्न : हे दोन्ही शब्द एकच ना? अर्जाखाली 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' लिहावे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पुष्कळजण 'अपेक्षा करणे' या एकाच अर्थाने वापरतात, शब्दकोशांतही तो अर्थ आहे. पण 'अँटिसिपेट'च्या लॅटिन मुळाचा अर्थ 'आधीच घेणे'. रंगपंचमीला तुमच्या इंदुरात राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येणार, रंग उडणार, हे 'एक्स्पेक्ट'. म्हणून आदल्या दिवशीच दुकानाला ताडपत्री बांधणे, हे 'अँटिसिपेट'. खरी चूक होते पुढच्या क्रियापदात. 'आय एक्स्पेक्ट टू मीट हिम' बरोबर. 'अँटिसिपेट'नंतर मात्र 'टू मीट' नाही, 'मीटिंग' येते, किंवा सरळ नाम. अर्जातले वाक्य व्याकरणात बसते, पण जुनाट आहे आणि होकार गृहीत धरल्यासारखे वाटते. त्यापेक्षा 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' लिहा. तिथे 'टू'नंतर क्रियापद आणायचेच तर 'हिअरिंग', 'हिअर' नव्हे.