आमचं रस्त्याकडेचं जुनं घर खरंच डाक बंगला होतं का, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आजोबांचं पडकं घर आहे, घरचे त्याला ‘इंग्रजांचा डाक बंगला’, म्हणजे प्रवासातल्या साहेबांच्या मुक्कामाचा बंगला, म्हणतात आणि कौलावर १८६५ साल आहे. बाकीच्यांनी उत्तरं दिली असती तर मी गप्प बसलो असतो, पण ते कौलाचं वाचलं आणि राहवलं नाही.

ते साल घराचं नाही. त्या कौलाचंही असेलच असं नाही. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला आणि ते साल त्यांच्या छापात यायचं. कौल त्यानंतर पन्नास वर्षांनी भट्टीतून निघालेलं असलं तरी छाप तोच. आमच्या चुलतभावाला मी हे अकरा वर्षं सांगतोय.

आमचं घर खोपोलीचं, घाट लागायच्या अलीकडे. वाटणीत पुढची बाजू त्याच्याकडे गेली, तिथे त्याने मिसळीचं हॉटेल काढलं आणि वर पाटी लावली: ‘ब्रिटिशकालीन डाक बंगला, १८६५’. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं पाटीखाली फोटो काढतात. मला त्या पाटीचा राग येतो, कारण १८६५ साली साहेबाला खोपोलीत मुक्काम करायचं कारणच उरलं नव्हतं.

हा रस्ता मुंबईच्या माल्कम गव्हर्नरने १० नोव्हेंबर १८३० ला खुला केला. १८५६ ला मुंबईहून आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ ला खंडाळा-पुणे सुरू झाली, मधला घाट तेवढा राहिला. पुढची पाच वर्षं माणसं खोपोलीला उतरायची, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायची आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरायची. खोपोलीची चांदी झाली ती त्या पाच वर्षांत. १८६३ ला घाटातून रूळ गेले आणि साहेब आमच्या दारावरून जायचा बंद झाला. मग दोन वर्षांनी त्याच्यासाठी बंगला कोण बांधेल?

आता आमच्या घरात काय होतं ते सांगतो. ओट्याच्या जोत्यात हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड लोखंडी कड्या आहेत, गुडघ्याच्या उंचीवर. घोडा कोणी इतक्या खाली बांधत नाही. अंगणात एकसंध दगडाची डोणी, म्हणजे गुरांना पाणी पाजायचं कुंड, होती, तिची एक कड घासून घासून खोलगट झालेली. आणि २०१३ ला मागे संडासाचा खड्डा खणताना चार फुटांवर गंजलेल्या पत्र्या निघाल्या, टोपलीभर. गड्याने एक हातात घेतली, माती झटकली आणि म्हणाला, “बैलाची हाय.” पत्री म्हणजे खुराला ठोकायचा लोखंडी तुकडा, ती अर्ध्या खुराची असते, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून. घोड्याचा नाल अख्खा. त्या टोपलीत एकही नाल नव्हता.

म्हणजे आमचं घर गाडीवानांचा तळ होतं. घाट चढायच्या आधी बैल सोडायचे, पाणी दाखवायचं, पत्र्या ठोकून घ्यायच्या, जादा जोडी जुंपायची. आजीच्या पेटीतली मोडीची वही मी पुण्यात एका जाणकाराकडून वाचून घेतली. पानामागून पान कडबा, पेंड आणि उधारी. साहेब एकदाही नाही. मी हे काकांसमोर वाचून दाखवलं तर काका म्हणाले, “हे लोकांना कशाला सांगतोस?” आमचे पणजोबा बैलांना पत्र्या ठोकून घर चालवायचे याची लाज वाटते, आणि कुठल्यातरी गोऱ्याने ओट्यावर चहा पिला असेल याचा अभिमान! असो.

तुमच्या कामाचं: डाक बंगला सरकारी असायचा. तेव्हा जुना फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) आणि कडईपत्रक (सातबाऱ्याच्या आधीचा हक्कनोंदीचा कागद) काढा, मालकाच्या जागी सरकार आहे की तुमचे पूर्वज ते बघा. पूर्वजांचंच नाव मागपर्यंत जात असेल तर बंगल्याची गोष्ट तिथेच संपली. तुमचं घर घाटाच्या वर असेल तर पुणे जिल्ह्याचं दफ्तर. खाली खालापूरकडे असेल तर अलिबागला हेलपाटा घालण्याआधी हे ध्यानात ठेवा की कर्जत भाग, खालापूर धरून, १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ ला. मी अलिबागेत तीन खेपा फुकट घातल्या, चौथ्यांदा एका म्हाताऱ्या कारकुनाने हे सांगितलं. जुने कागद मोडीत असतील, वाचणारा आधी गाठा.

आणि कागदाआधी घर बघा. कड्या किती उंचीवर आहेत, दारातून काय आत जाऊ शकेल, अंगणातल्या दगडांवर चाकोऱ्या पडल्यात का. तुळया, कौलं, डोणी, सगळ्याचे फोटो आजच काढा. वाटणीच्या आधी. आमच्या सागवानी तुळया मला कळायच्या आत विकल्या गेल्या होत्या.

एक मान्य करतो. सगळी घरं आमच्यासारखीच असतील असं नाही, तुमच्या जागेवर खरोखर सरकारी बंगला असेल आणि नंतर लिलावात तुमच्या पणजोबांनी घेतला असेल, तर जुन्या कागदांत तो व्यवहार दिसायला हवा. तसं निघालं तर मी चूक, इथे येऊन सांगा. पण कौलावरचं साल दाखवू नका.

आमची डोणी सध्या हॉटेलच्या दारात आहे. पांढरा ऑइलपेंट मारलाय आणि आत शोभेची झाडं लावलीत. घासलेली कड भिंतीकडे फिरवून ठेवलीय.